व्हिक्टोरियन झग्यावरची फुले : कोणत्या दशकात, कोणत्या जागी, कोणत्या टाक्याने

प्रश्न असा आहे : पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थिनीला व्हिक्टोरियन काळातील इंग्लिश स्त्रीचा झगा शिवून त्यावर हाताने फुलांचे भरतकाम करायचे आहे. त्या काळी कोणती फुले भरत असत, कोणते टाके वापरत आणि नक्षी झग्यावर नेमकी कुठे असे, हे तिला जाणून घ्यायचे आहे. बर्लिन वुलवर्कचे गुलाबाचे काही नमुने तिच्या हाती लागले आहेत आणि ते घेराच्या कडेला वापरता येतील का, असेही तिने विचारले आहे. हातभरतकाम शिकवणे आणि नाटकांसाठी जुन्या काळचे पोशाख करणे हेच माझे काम गेली तीस वर्षे असल्यामुळे जरा सविस्तर उत्तर देते.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बहुतेकांची पहिली चूक तिथेच होते. बर्लिनचे ते गुलाब झग्यासाठी घेऊ नका. हे नमुने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये निघू लागले. चौकटीच्या कागदावर छापलेल्या नक्षीत एकेक चौकोन हाताने रंगवलेला असे आणि एक चौकोन म्हणजे जाळीच्या कापडावरचा एक टाका असा त्याचा हिशेब होता. 1830 नंतर इंग्लंडमध्ये त्यांची मोठी लाट आली. परंतु ते लोकरीचे, जाड आणि जाळीदार कापडावरचे काम होते. त्यातून उशा, पायटेकू, खुर्च्यांची आवरणे, सपाता आणि पिशव्या तयार होत. रेशमी किंवा मलमलीच्या झग्याला ते वजन पेलत नाही, कापड ओढले जाते आणि घेराची पडण बिघडते. व्हिक्टोरियन काळातील वस्तू म्हणून हे गुलाब अस्सल आहेत, पण त्यांची जागा दिवाणखान्यात आहे, अंगावर नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. त्या काळच्या छायाचित्रांत आणि रंगीत फॅशन-पत्रकांत झग्यांवर जी फुले दिसतात, त्यांतली बहुसंख्य भरलेली नसून विणलेली किंवा छापलेली आहेत. फ्रान्सच्या लियाँ आणि लंडनच्या स्पिटलफील्ड्स येथील जॅकार्ड मागांवर, म्हणजे नक्षी आपोआप विणणाऱ्या मागांवर, फुलांचे गुच्छ रेशमातच विणले जात, तर सुती मलमलीवर आणि लोकरीच्या तलम कापडावर ते रुळाने छापले जात. अंगभर पसरलेली फुले हवी असतील तर त्यासाठी माग आणि छापखाना होता. सुईचे काम मोजक्या जागी असे आणि त्या जागा झग्याच्या कापणीने ठरत. म्हणून फूल कोणते हा प्रश्न माझ्या मते तिसरा आहे. पहिला प्रश्न झगा कोणत्या वर्षाचा हा, आणि दुसरा त्या वर्षीच्या झग्यात नक्षीला मोकळी जागा कुठे होती हा. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द 1837 ते 1901 अशी जवळजवळ चौसष्ट वर्षांची आहे आणि तेवढ्या काळात घेर फुगला, मागे सरकला, जवळजवळ नाहीसा झाला, पुन्हा मागे उठला आणि शेवटी कळ्यांचा, म्हणजे खाली रुंद होणाऱ्या तिरक्या तुकड्यांचा, होऊन पायाशी पसरला. नक्षी प्रत्येक वेळी त्याच्या मागे गेली. 1845 ची नक्षी 1885 च्या झग्यावर टाकली तर टाके कितीही सुरेख असले, तरी जाणकाराला ती लगेच खटकते.

1840 च्या दशकातला दिवसाचा झगा गडद आणि साधा असे. चोळी घट्ट, कमरेला टोक काढलेली, बाही अरुंद, आणि घेर घंटेसारखा खाली आलेला. त्या झग्यावर रंगीत भरतकाम फारसे नसे. तरीही ती स्त्री भरतकामावाचून नव्हती. तिच्या गळ्याशी पांढरी कॉलर होती, मनगटाशी पांढरे कफ होते, खांद्यावर कधी पांढरा केप होता, आणि या सगळ्यांवर पांढऱ्या दोऱ्याने फुले भरलेली होती. या जागा निवडण्यामागे धुलाईचे साधे कारण होते. रेशमी आणि लोकरीचा झगा पाण्यात घालता येत नसे. अंगाला घासून मळणारी गळ्याची आणि मनगटाची जागा मात्र दोन दिवसांत काळी होते. म्हणून तिथे सुटे, उसवून काढता येणारे, उकळून धुता येणारे सुती तुकडे टाचत. भरतकामाला त्याच तुकड्यांवर वाव मिळाला. 1850 च्या दशकात बाह्या कोपरापासून घंटेसारख्या रुंद झाल्या, तेव्हा त्यांच्या आतून दिसणाऱ्या सुट्या पांढऱ्या बाह्या आल्या आणि या कामाला आणखी मोठे कापड मिळाले. माझ्या मते व्हिक्टोरियन पोशाखावरच्या फुलांचा खरा संसार या पांढऱ्या सुट्या तुकड्यांवरच आहे, आणि रंगीत गुच्छांच्या नादात आपण त्याच्याकडे सर्वांत कमी पाहतो.

या पांढऱ्या कामाचे दोन मुख्य प्रकार ओळखायला शिकले पाहिजे. पहिला स्कॉटलंडच्या एअरशायरचा. 1814 साली एअर गावच्या मिसेस जेमिसन यांना एका सरदार घराण्यातील स्त्रीने परदेशातून आणलेला बाळाचा नामकरणाचा झगा पाहायला दिला. त्यातील फुलांच्या पोटात सुईने विणलेली लेसची जाळी होती. त्यांनी ती उलगडून शिकून घेतली आणि आसपासच्या बायकांना शिकवली, तिथून हा धंदा उभा राहिला. एअरशायर कामात पाने आणि पाकळ्या बारीक भरीव टाक्याने उठवलेल्या असतात, देठ दोरीसारखे गोल असतात आणि फुलाचा मधला भाग कापून तिथे सुईची जाळी भरलेली असते. नक्षी दगडी छपाईने मलमलीवर उमटवून ती घरोघर वाटली जाई, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधील हजारो स्त्रिया ती भरून देत आणि मोबदला तुकड्यावर मिळे. 1857 साली ग्लासगोतील मोठी बँक बुडाली तेव्हा या व्यापाराला जबर धक्का बसला, आणि पुढे 1861 ते 1865 या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापूस मिळेनासा झाल्यावर तो सावरलाच नाही. एवढ्या बारीक कामाची मजुरी किती तोकडी होती, हे वाचताना आजही वाईट वाटते. म्हणूनच संग्रहालयात अशी कॉलर पाहिली की मी तिच्यासमोर जास्त वेळ थांबते.

दुसरा प्रकार ब्रॉडरी आंग्लेज. 1850 ते 1880 या काळात झग्यांवर सर्वाधिक दिसणारे पांढरे काम हेच. यात जाळी भरत नाहीत. कापडाला भोके पाडून त्यांच्या कडा गुंडाळतात आणि त्या भोकांच्या मांडणीतूनच फूल तयार होते. सहा थेंबासारखी भोके गोलाकार मांडली की झाले फूल, दोन लांबट भोके म्हणजे पानांची जोडी, आणि उतरत्या आकाराची गोल भोके ओळीने आली की द्राक्षाचा किंवा लिलीचा झुबका. कडेला कंगोरे असतात आणि ते काजाच्या टाक्याने घट्ट भरलेले असतात. इथे फुलाची जात ओळखू येणे अपेक्षितच नव्हते. पाहणाऱ्याला आधी भोकांची लय दिसते, मग त्यातून खालच्या झग्याचा रंग दिसतो. 1828 साली फ्रान्समधील म्युलहाउसच्या जोस्युए हाइलमानने भरतकामाचे यंत्र काढले होते आणि पुढे स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलेन भागात अशा यंत्रांवर पांढऱ्या पट्ट्या निघू लागल्या. त्यामुळे 1870 नंतरच्या झग्यांवरचे ब्रॉडरी आंग्लेज पुष्कळदा यंत्राचे असते. तुम्ही हाताने करणार असाल तर 1850 किंवा 1860 चे दशक धरणे अधिक योग्य.

आता घेराकडे येऊ. 1856 च्या सुमारास पोलादी कड्यांचा पिंजरा आला आणि चार-पाच मीटर घेर उचलून धरण्यासाठी परकरांवर परकर घालण्याची गरज संपली. एवढा मोठा घेर रिकामा कोण ठेवणार? त्यावर झालरी आल्या, आणि झालरीसाठी कापड वेगळेच तयार होऊ लागले. नक्षी थानभर सारखी न ठेवता ज्या जागी ती दिसणार त्या जागीच विणायची, छापायची किंवा भरायची अशी ती पद्धत होती. पदराची आणि काठाची नक्षी मागावरच ठरवून विणणाऱ्या आपल्या साडीची ज्यांना सवय आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अशा झालरीवरच्या फुलांची मांडणी नीट पाहिली तर तळाशी, कडेलगत, मोठी आणि दाट फुले दिसतात. तिथून वर जाताना ती लहान आणि विरळ होत जातात आणि झालरीच्या वरच्या तिसऱ्या भागात एखादी कळी किंवा नुसते ठिपके उरतात. याचे कारण असे की झालर वरच्या कडेला चुण्या घालून शिवलेली असते आणि तिथे भरलेले काहीही घडीत नाहीसे होते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. अनेक वर्षांपूर्वी एका नाटकासाठी मी झालरी भरल्या होत्या आणि गुलाबाचे गुच्छ झालरीच्या बरोबर मध्यावर घेतले होते. पाटावर पसरून पाहताना ते फार देखणे दिसत होते. चुण्या घातल्यावर प्रत्येक गुलाबाच्या पोटात एक घडी गेली आणि रंगमंचावर नुसते लाल डाग दिसू लागले. दोन महिन्यांचे काम होते आणि दुरुस्त करायला वेळ उरला नव्हता. तेव्हापासून मांजरपाटाचा तुकडा चुण्या घालून, त्यावर पेन्सिलीने फुले काढून, भिंतीवर टांगून पाहिल्याखेरीज मी झालरीवर सुई टोचत नाही.

याच काळातला आणखी एक प्रकार तुमच्या विषयाच्या अगदी मध्यभागी आहे आणि तो थेट हिंदुस्थानातून गेलेला आहे. पांढऱ्या मलमलीवर सोनेरी जरीच्या वेली काढून त्यांच्या पानांच्या जागी हिरव्या झळाळीच्या किड्यांचे पंख टाचलेले झग्याचे कापड 1850 आणि 1860 च्या दशकांत इंग्लिश स्त्रिया घेत असत. हे काम इथले कारागीर इंग्लिश बाजारासाठी करत आणि कापड तिकडे गेल्यावर त्याचा झगा शिवला जाई. पंख कापून पानाच्या आकाराचे करत, कडेला दोन भोके पाडत आणि टाका घालत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अशा कामाचे नमुने आहेत. दिव्यांच्या उजेडात चालणाऱ्या नाचाच्या समारंभात ही पाने लुकलुकत असतील, हे त्याकडे पाहिले की लगेच समजते. त्याचप्रमाणे चीनच्या कॅन्टन बंदरातून आलेल्या रेशमी भरतकामाच्या शाली युरोपात पांघरल्या जात होत्या, आणि त्याच व्यापारातून मुंबईच्या पारशी स्त्रियांच्या गारा साड्या आल्या. शेवंती, कमळ आणि पक्षी यांची ती घडण दोन्हीकडे सारखी दिसते ती यामुळेच. युरोपात ज्याला तांबूर काम म्हणतात, तो चौकटीवर ताणलेल्या कापडावर आकडीने काढायचा साखळी टाकाही अठराव्या शतकात पूर्वेकडून तिकडे गेला. आपल्या आरी वर्कशी तो सख्खे नाते सांगतो. तुम्हाला आरी येत असेल तर 1840 च्या मलमलीवरील वेलबुट्टी तुम्ही फार चांगली काढू शकाल.

रंगांविषयी थोडे सांगते. 1856 साली विल्यम पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला आणि त्यानंतर काही वर्षांतच भडक जांभळे, किरमिजी आणि निळे रेशीम बाजारात आले. म्हणून 1845 च्या नक्षीत भडक मॅजेंटा घालणे ही कालविसंगती आहे, तर 1865 च्या नक्षीत तो न घालणे हे काहीसे भित्रेपणाचे ठरेल. आज आपल्याला त्या रंगसंगती डोळ्याला टोचतात, पण त्या स्त्रियांना त्या नव्या आणि आनंदाच्या वाटत होत्या, हे लक्षात ठेवून रंग निवडावेत.

फुलांचे चित्रण कसे असावे यावर त्या काळी मोठा वाद होता आणि तो समजल्याशिवाय 1870 नंतरची नक्षी उमजत नाही. शतकाच्या मध्यापर्यंत लोकांना फूल खरे वाटावे, उचलून घ्यावेसे वाटावे, असे हवे होते, म्हणजे सावली-उजेड दाखवणारे, पाकळीची वळलेली कड दाखवणारे. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर त्याचे एक आयोजक हेन्री कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला कडाडून विरोध केला. कापड सपाट आहे, तेव्हा त्यावरची नक्षीही सपाट असावी, असे त्यांचे म्हणणे होते, आणि प्रदर्शनात आलेल्या हिंदुस्थानी कापडांकडे ते उदाहरण म्हणून बोट दाखवत. 1856 साली ओवेन जोन्स यांनी जगभरच्या अलंकरणाचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या ख्रिस्तोफर ड्रेसर यांनी फुलाचा आडवा-उभा छेद, पानांची देठावरची मांडणी यांतून नक्षी काढून दाखवली. हा विचार झग्यांपर्यंत पोहोचायला वीस वर्षे लागली. दरम्यान बायका आपल्या आवडीचे छायांकित गुलाब, फ्यूशिया, पॅन्सी आणि नीलपुष्पांच्या वेली भरतच राहिल्या. मला स्वतःला दोन्ही प्रकार आवडतात, पण एकाच झग्यावर दोन्ही आणू नयेत असे माझे ठाम मत आहे.

1872 साली लंडनमध्ये स्कूल ऑफ आर्ट नीडलवर्क ही संस्था सुरू झाली. 'रॉयल' हा शब्द तिच्या नावाला 1875 साली जोडला गेला. तिचा एक हेतू जुने टाके वाचवण्याचा होता, आणि दुसरा परिस्थितीने गांजलेल्या सुशिक्षित स्त्रियांना मानाचे काम देण्याचा. विल्यम मॉरिस, एडवर्ड बर्न-जोन्स आणि वॉल्टर क्रेन यांनी तिच्यासाठी आराखडे केले. इथे लांब-आखूड टाक्याने पाकळ्या भरण्याची पद्धत पुन्हा रुजली आणि सूर्यफूल, लिली, आयरिस, डाळिंब यांचे आकार मोठे, शांत आणि सपाट झाले. रंगही ऋषीच्या मठात शोभावेत इतके सौम्य झाले, म्हणजे शेवाळी हिरवा, विटकरी, मळकट निळा. या रंगांमागे इंग्लंडमधील लीक गावचे रंगारी थॉमस वॉर्डल यांची मेहनत होती. मॉरिस त्यांच्याकडे नीळ आणि इतर वनस्पतिज रंगांचे प्रयोग करायला जात. वॉर्डल यांनी हिंदुस्थानातल्या टसर रेशमावर रंग बसवण्यासाठी अनेक वर्षे घालवली आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ यांनी 1879 साली लीक एम्ब्रॉयडरी सोसायटी स्थापन केली. तिथे छापलेल्या टसरवर रेशमाने भरत. भंडारा आणि गडचिरोलीच्या जंगलांतला टसर ज्यांनी हातात घेतला आहे, त्यांना त्याची ती मधाळ, किंचित खरबरीत झळाळी ठाऊक असेल. 1880 च्या दशकातला झगा करायचा असेल तर पांढऱ्या सॅटिनपेक्षा टसर घ्या असे मी आग्रहाने सांगेन. मात्र लीकचे बरेचसे काम चर्चसाठी आणि घरासाठी होते. झग्यांवर ही शैली कलाप्रेमी मंडळींच्या सैलसर पोशाखांतून आली आणि त्यांची थट्टाही पुष्कळ झाली.

रोजच्या फॅशनमध्ये त्या वेळी घेर मागे सरकला होता. पुढचा भाग सपाट झाल्याने तिथे कमरेपासून पायापर्यंत एक उभा पट्टा मोकळा झाला, आणि 1880 च्या दशकात भरतकाम त्या पट्ट्यावर आले. रेशमी दोरा, मखमली सुतळीसारखा शेनील, मणी आणि काळे जेट (चकचकीत काळे खडे) यांचे जड काम तिथे शोभते, कारण तिथे घडी पडत नाही. 1890 च्या दशकात घेर कळ्यांचा झाला, म्हणजे वर घट्ट आणि खाली पसरट. त्यावर नक्षी तळाकडून उगवते. घेराच्या कडेला मुळे धरलेली आयरिसची किंवा खसखशीच्या फुलांची झाडे वाकत वाकत गुडघ्यापर्यंत येतात आणि दोन बाजूंना सारखी नसतात. पॅरिसच्या वर्थ या नामांकित पोशाखकाराच्या दुकानातला 1898 ते 1900 या काळातला एक हस्तिदंती सॅटिनचा झगा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्यावर काळ्या मखमलीच्या वेलांट्या विणलेल्या आहेत, भरलेल्या नाहीत, पण घेराच्या आकाराबरोबर नक्षी कशी चालवावी याचा याहून चांगला धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही. त्याच सुमारास, 1894 पासून, जेसी न्यूबेरी ग्लासगोच्या कलाशाळेत भरतकाम शिकवू लागल्या. लिननचा गोल तुकडा लावून त्यावर चार वळणे घेतलेला त्यांचा गुलाब साध्या लोकरी झग्याच्या गळ्याशीही उठून दिसे.

फुलांची निवड करताना एक मोह टाळा. फुलांची भाषा सांगणारी पुस्तके त्या शतकात खूप खपली, म्हणून प्रत्येक भरलेल्या फुलात गुप्त निरोप शोधण्याची आज सवय लागली आहे. काही संकेत निश्चित होते. 1840 साली राणीने लग्नात संत्र्याच्या फुलांचे आभूषण डोक्यावर घातले आणि त्यानंतर ती फुले वधूशी कायमची जोडली गेली. सुतकाचे नियमही कडक होते. 1861 साली प्रिन्स अल्बर्ट वारल्यावर राणीने काळा वेष पुन्हा सोडला नाही, आणि गाढ सुतकातल्या स्त्रीच्या झग्यावर रंगीत फूल येणे शक्यच नव्हते. एरवी फूल निवडले जाई ते त्याच्या आकारासाठी आणि नवलाईसाठी. फ्यूशिया दक्षिण अमेरिकेतून आला होता आणि तो लोंबतो, म्हणून तो झालरीच्या कडेला छान बसतो. कोन्व्हॉल्व्ह्युलसचा वेल वळतो, म्हणून तो बाहीभोवती फिरवता येतो. नेच्यांचे, म्हणजे फर्नचे, वेड तर इतके पसरले की चार्ल्स किंग्जली यांनी 1855 मध्ये त्याला नावच दिले. नेच्याचे पान त्रिकोणी आणि टोकाकडे निमुळते असल्यामुळे ते चोळीवर खांद्यापासून कमरेच्या टोकाकडे आपोआप उतरते. तुम्ही फुले निवडाल तेव्हा त्या फुलाचे देठ कोणत्या दिशेला वळते हे आधी पाहा आणि झग्याचा तो भाग कोणत्या दिशेला निमुळता होतो हे त्याच्याशी जुळवा.

आता तुमच्या प्रकल्पाचा विचार करते. तीन झालरींचा घेर घेतला तर हिशेब असा होतो. चार मीटर घेरावर दीडपट चुण्या धरल्या तर एका झालरीला सहा मीटर कापड लागते. नक्षीची एक आवृत्ती 12 सेंटिमीटरची धरली तर पन्नास आवृत्त्या होतात. एका आवृत्तीला दोन तास लागले तरी एका झालरीचे शंभर तास आणि तीन झालरींचे तीनशे तास. कॉलेजच्या एका सत्रात हे जमणार नाही आणि घाईत टाके सैल पडतील. त्यापेक्षा 1855 ते 1860 या काळातला गडद निळ्या किंवा तपकिरी रंगाचा, रुंद बाह्यांचा साधा झगा शिवा, आणि सारे भरतकाम एका पांढऱ्या कॉलरवर व सुट्या आतल्या बाह्यांच्या जोडीवर करा. इतिहासाच्या दृष्टीने हाच पोशाख त्या काळच्या मध्यमवर्गीय स्त्रीच्या सर्वांत जवळचा आहे आणि परीक्षकाला तुमचा प्रत्येक टाका जवळून पाहता येईल.

कापड म्हणून दाट विणीची तलम मलमल किंवा केम्ब्रिक घ्या, आणि ते आधी धुऊन आटवून घ्या. दोरा निवडताना एक बारकावा आहे. आज दुकानात मिळणाऱ्या सहापदरी लडीचा सुती दोरा चकचकीत असतो, कारण तो मर्सराइझ केलेला, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया दिलेला असतो. जॉन मर्सर यांची मूळ प्रक्रिया 1844 ची असली तरी दोऱ्याला ती झळाळी देण्याची युक्ती 1890 च्या आसपासची आहे. 1858 चे पांढरे काम मंद, खडूसारखे दिसले पाहिजे. म्हणून बिनचकाकीचा, एकपदरी, मऊ पिळाचा पांढरा सुती दोरा शोधा. तो मिळेपर्यंत काम सुरू करू नका, एवढे मी याला महत्त्व देते.

तुकडे आधी कापू नका. कॉलरचा आणि बाहीचा आकार कापडावर धावदोऱ्याने आखून घ्या, सगळीकडे पाच सेंटिमीटर माया सोडा आणि कापड अखंड असतानाच भरा. ब्लाउजपीसवर आरीचे काम करणारे आपले कारागीर हेच करतात. नक्षी उतरवण्यासाठी कागदाला टोचे मारून रॉकेल-नीळ फिरवण्याची आपली पद्धत आणि त्यांची टोचलेल्या कागदावरून कोळशाची पूड झटकण्याची पद्धत मुळात एकच आहे, पण पांढऱ्या मलमलीवर नीळ राहून जाते. मलमल पारदर्शक असते, तेव्हा खाली काळ्या शाईने काढलेला आराखडा ठेवून टोकदार पेन्सिलीने अगदी हलक्या हाताने रेघ ओढा. त्या काळी घरी भरणाऱ्या बायका मलमल मेणकापडावर टाचून घेत, म्हणजे ती हातात ताठ राहते. तुम्हीही तसेच करा. गोल रिंगमध्ये भोकांचे काम ताणले जाते आणि रिंग काढल्यावर गोल भोके लांबट होतात.

कॉलरसाठी मागच्या मध्यापासून नक्षी सुरू करून दोन्ही बाजूंना समोर आणा, म्हणजे गळ्याशी दोन फुले समोरासमोर येतील. प्रत्येक भोकाची कड आधी बारीक धावदोऱ्याने दोनदा फिरून घ्या. पाच मिलिमीटरपर्यंतचे भोक टोच्याने पाडा, कापू नका, कारण टोचल्यावर कापडाचे धागे तुटत नाहीत, बाजूला सरकतात आणि टाक्याला आधार देतात. त्याहून मोठ्या भोकाला मधून अधिकाच्या चिन्हासारखी चीर द्या, चारी पाकळ्या सुईच्या टोकाने मागे वळवा आणि वरून टाके घाला. टाके एकमेकांना खेटून असावेत पण एकमेकांवर चढू नयेत, आणि प्रत्येक टाका सारख्याच ताणाने ओढला गेला पाहिजे. देठांसाठी दोन पदर धावदोरा भरून त्यावर आडवे टाके घातले की ते दोरीसारखे गोल उठतात. साधा देठ टाका इथे पातळ दिसतो. एखादे पान भरीव करायचे असेल तर आत साखळी टाक्याचे अस्तर घालून वरचा भरीव टाका त्याला आडवा न्या.

कंगोरे सर्वांत शेवटी घ्या. रुपयाचे नाणे ठेवून अर्धगोल आखा, आत तीन पदर धावदोरा भरा आणि काजाचा टाका असा घाला की गाठीची बाजू बाहेरच्या कडेला येईल. दोन कंगोऱ्यांच्या मधल्या खाचेत टाके पंख्यासारखे फिरवावे लागतात, तिथे घाई केली तर खाच उसवते. सगळे भरून झाल्यावरही बाहेरचे कापड लगेच कापू नका. आधी कोमट पाण्यात साबणाने धुऊन पेन्सिलीच्या रेघा काढा, हलकी खळ द्या, आणि जाड टॉवेलवर उलटी बाजू वर ठेवून ओलसर असतानाच इस्त्री करा. धुलाईत टाके आवळतात आणि कापडाचे धागे त्यांच्यात घट्ट बसतात. त्यानंतरच लहान, धारदार, टोकाशी वळलेल्या कात्रीने कंगोऱ्याबाहेरचे कापड गाठींना न लागता कापून काढा.